काचेतले वाघ

"वाघाकडं पाहू नको, भावने. वाघ तर दिसतोच. ज्या घरात कुनीच न्हाई, त्या घराकडं पाहा."

मायचा आवाज. आत्ताचा नव्हे, आताशा माय वाक्याच्या मधेच थांबते, श्वास गोळा करते, आणि तोवर काय सांगायचं होतं ते विसरते. हा आवाज तीस वर्षांमागचा, कपाशीच्या दोन ओळींमधून आलेला, डोईवरच्या फडक्याखालून आलेला, उन्हाचा वास असलेला. भावना पिकोच्या मशीनवर बसली, की तो कधीतरी यायचाच. साडीची कड सुईखालून सरकत राहायची, पाय पायट्यावर, डोळे कडेवर, आणि कानात ती कापूसरानातली बाई. त्या दिवशीही तो आला तेव्हा मशीनवर वांगी रंगाची साडी होती. बाहेर जुन्या जालन्याची गल्ली नेहमीसारखी तुंबलेली. धान्याच्या ठोक दुकानापुढे टेम्पो आडवा लागलेला, मागे ऑटोवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले, हमालांच्या पाठीवरल्या पोत्यांतून ज्वारीची धूळ उडून भावनाच्या उंबऱ्यापर्यंत येत होती. साडी झाली की तिला निघायचं होतं. धाकट्या भावाच्या, संघपालच्या नव्या फ्लॅटची आज वास्तू होती. सकाळी अकराला बुद्धवंदना, मग खीर, मग जेवणं. वंदनेला ती गेली नव्हती. गिऱ्हाईक बसलेलं होतं, असं ती सांगणार होती. तेवढ्यात शेजारची ताहेराआपा मोबाईल पुढे धरूनच आत आली.

"अगे भावना, ये देख. मुझफ्फरनं स्टेटसला ठेवलंय. तुझ्या भावाचंच काम हाय ना हे?"

मुझफ्फर म्हणजे ताहेराआपाचा भाऊ. त्याचं फोटोफ्रेमचं दुकान. भावनानं मान वळवून पाहिलं. तपकिरी लाकडाची जाड चौकट, आत काच, काचेमागं पिवळट पडलेलं हातभर चौकोनी कापड, कापडावर लाल धाग्याच्या रेघा, चार कोपऱ्यांत चार काळी बटनं, मधे विखुरलेले चिंचोके. खाली पितळी पट्टी. तिच्यावर कोरलेलं: 'माझ्या आईनं शिवलेला पट. आयुष्यातला पहिला डाव मी यावर जिंकलो.'

"कितना सुंदर दिखरा," ताहेराआपा म्हणाली. "मुझफ्फर बोल्ला, गोट्या सब चिपका दिया गोंदानं. हलनार न्हाई आता. अगे, अगे, साडी!"

मशीन चालूच होती. कड सुटून सुई पार पदरात घुसली होती, बोटभर लांब, आणि वांगी रंगावर तिचा धागा एखाद्या ओरखड्यासारखा उमटला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भावनानं पाय उचलला. मशीन थांबली, तरी अंगात काहीतरी चालूच राहिलं.

उजव्या हाताचा वरचा कोपरा. तिनं ताहेराआपाच्या हातातून मोबाईल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्या कोपऱ्यात तिरपी रेघ नव्हती. बाकी तिन्ही कोपऱ्यांत होती. म्हणजे तोच. दुसरा कुठला असणार? आणि 'माझ्या आईनं शिवलेला'! तो पट मायनं शिवला नव्हता. भावनानं शिवला होता, तेराव्या वर्षी, जाफराबादच्या त्या पत्र्याच्या खोलीत, दारात पाय पसरून. बियाण्याची कापडी थैली उसवून धुतली होती. शिक्का निघाला नाही, तेव्हा शिक्क्याची बाजू बाहेर ठेवली. धागा कपाशीच्या क्रॉसिंगचा, कळ्यांच्या देठाला बांधतात तो लाल. आडव्या पाच, उभ्या पाच, मग तिरप्या. शेवटच्या कोपऱ्याशी धागा संपला. उद्या घालू म्हणत ती रेघ राहिली ती राहिलीच, आणि त्या घराचा एक नियम झाला, की त्या कोपऱ्यातल्या वाघाला तिरपी वाट नाही. जगात कुठंही वाघ-बकरी खेळा, चारी कोपऱ्यांतून तिरपं जाता येतं; फक्त त्यांच्याकडे तीनच. चारी कडांना तिनं नेफा घातला होता, नेफ्यात नाडी. नाडी ओढली की पटाचा बटवा व्हायचा, आत बकऱ्यांचे वीस चिंचोके आणि वाघांची चार बटनं. बटनं बापाच्या कोटाची. बाप तिला आठवत नव्हता, कोट आठवत होता. बटवा कमरेला खोचून ती रानात जायची. चालताना आत चिंचोके एकमेकांवर घासत, तो आवाज तिच्या मांडीला कळायचा.

असं कमरेला लागणारं, हलणारं, वाजणारं काहीतरी माणूस काचेत घालतो, त्याला गोंद लावतो, आणि खाली दुसऱ्याचं नाव लिहितो.

"तबेत बरी न्हाई का?" ताहेराआपानं विचारलं.

"बरी हाय. ती शिवण उसवा तुम्ही, आपा. मला जायचंय."

ऑटोत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की वास्तूसाठी शिवलेले उशांचे अभ्रे मशीनवरच राहिले आणि कात्री मात्र पिशवीत आली. राहू दे. अभ्रे द्यायला ती निघालीच नव्हती. पूल ओलांडून ऑटो नव्या भागाकडे वळला, रस्ता रुंद झाला, आणि राग तसाच रुंद होत गेला. गेल्या चोवीस वर्षांत तिनं हा राग जपून वापरला होता. रोज थोडा. संघपाल दिवाळीला साडी घेऊन यायचा तेव्हा चिमूटभर. नवरा, भारत, डेपोतून येऊन म्हणायचा, "तुझा भाऊ लई पुढं गेला बघ," तेव्हा चिमूटभर. आज सगळा डबाच पालथा झाला होता. तिला काय हवं होतं? पट हवा होता, तो तर हवाच. पण त्याच्याआधी एक वाक्य हवं होतं. संघपालनं तोंडानं म्हणावं, की आक्का, त्या दिवशी बकरी मी सरकवली. एवढंच. मग त्यानं फ्लॅटला सोन्याची दारं लावावीत.

कपाशीचं संकरित बियाणं करायचं, हे क्रॉसिंगचं काम ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. भाद्रपदाचं ऊन. दुपार कलली की उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी घालायचं, गोल फिरवायचं, आणि पाकळ्या नि नराचे केसर टोपीसारखे एका झटक्यात उतरवायचे. आतला दांडा, त्याखालची हिरवी गाठ, शाबूत. नख अंमळ खोल गेलं की कळी मेली. वर लाल कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या सकाळी पलीकडच्या ओळीतली नर फुलं आणून त्या दांड्यावर हळूच फिरवायची, देठाला लाल धागा बांधायचा, पुढची कळी. दिवसाला पाचशे-सहाशे कळ्या. संघपालच्या हातून दहांत तीन मरायच्या. भावनाच्या हातून शंभरात एक. कंपनीचा माणूस यायचा आणि मायला म्हणायचा, "बेबीनंदाबाई, या पोरीचे हात सांभाळा." माय पुढच्या कळीला हात घालायची. सकाळचं आटोपलं, की दुपारच्या कळ्यांना अवकाश असायचा. तेवढ्यात लिंबाखाली पट अंथरला जायचा. शेजारच्या वावरातून बाया भाकरी घेऊन यायच्या, टोमणे मारायच्या. पुष्पाबाई म्हणायची, "बेबे, तुझी पोरगी बकऱ्या राखती का वाघ पाळती?" आणि माय ओळीतून हात चालवता चालवता आपल्याच एका ओवीत उत्तर द्यायची:

वाघ बसे वाटंवरी, वीस शेळ्यांचं माहेर,
एक गं उचलली, एकोनीस उभ्या, कोन जाई गं बाहेर.

त्या घरात सगळे निवाडे पटावर व्हायचे. पाण्याला कोण जाईल. जत्रेला कोण जाईल आणि घर कोण राखील. मायचा एक नियम होता, की पटावरून उठलं त्यानं मागं तक्रार करायची नाही. उठायच्या आधी पट डोळ्यांत भरून घ्यायचा. दोघांची नावं शाळेत एकाच दिवशी घातलेली, म्हणून बारावीही एकाच सालची. भावनाला अकरा मार्क जास्त होते. औरंगाबादला शेतकीच्या कॉलेजात एकच जण जाऊ शकत होता. दुसऱ्यानं मायसोबत बियाण्याच्या प्लॉटवर राहायचं. "मार्क कागदावरचे," माय म्हणाली. "पट मांडा."

भावनानं बकऱ्या घेतल्या. वाघांशी खेळणं सोपं असतं. उडी मारायची, खायचं. बकऱ्यांना उडी नाही. बकऱ्यांना एकमेकींच्या पाठीशी उभं राहता येतं, तेवढंच. जूनचा महिना, सकाळची दहा-अकराची वेळ, पत्र्याखाली भट्टी झालेली. माय पाठ करून डाळ निवडत होती. तीन बकऱ्या गेल्या होत्या, सतरा उरल्या होत्या, आणि त्या सतरांनी तीन वाघ कोंडले होते. चौथ्याला सरकायला एकच घर होतं. पाळी संघपालची. तो तिथं गेला, की भावना त्याच्या मागचं घर बंद करणार, आणि डाव संपणार. तिला औरंगाबाद दिसलंसुद्धा. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, तरी दिसलं. एक लांब व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात आपल्या चपलांचा आवाज. तेव्हाच माय म्हणाली, "भावने, भात बघ गं, लागला वाटतं." ती उठली. चुलीपाशी गेली. भातावर अजून बोटभर पाणी होतं. ती परत आली, मांडी घातली. संघपाल समोर होता, त्याचे कान लाल झालेले. त्यानं वाघ उचलला आणि उडी मारली. तिथं उडीला जागाच नव्हती; उठताना नव्हती. एक बकरी एका घरानं मागे गेली होती. चौथी बकरी मेली. दोन खेळ्यांनी पाचवी, आणि पाच गेल्या की वाघ जिंकले. "झालं," माय पाठमोरीच म्हणाली. "उचला पट."

तक्रार करायची नव्हती. ती उठली होती ना! तिनं संघपालकडे पाहिलं, आणि त्यानं खाली पाहिलं. बस, तेवढं पुरलं तिला. पुढची पाच सालं ती कळ्या सोलत राहिली, मग लग्न होऊन जालन्याला आली. निघताना तिनं बटवा मागितला होता. माय म्हणाली, "उंदरानं खाल्ला गं तो कवाच." उंदरानं! उंदरानं खाल्लेला बटवा आता तिसऱ्या मजल्यावर काचेत बसला होता.

दार उघडंच होतं. चपलांचा ढीग, खिरीचा वास, नव्या रंगाचा वास. हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या विझत आलेल्या. दहा-बारा माणसं सोफ्यावर, खुर्च्यांवर, बहुतेक संघपालच्या बियाणं कंपनीतली. माय कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर नवं पांढरं पातळ, हातात खिरीची वाटी तशीच. दोन महिन्यांपूर्वी संघपालनं तिला जाफराबादहून आणलं होतं, तिच्या पत्र्याच्या पेटीसकट. आणि समोरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, ती चौकट.

"आक्का! आता येऊन राह्यली का?" संघपाल पुढे आला. केस पिकलेले, चेहरा अजून तोच, खाली पाहणारा. "वंदनेला सारखी वाट पाहत होतो मी तुझी. भाऊजी?"

"ड्यूटी."

"साहेब, ही माझी आक्का," तो सोफ्याकडे वळून म्हणाला. धर्मराज साहेब, त्याचे वरिष्ठ, पोटावर हात ठेवून हसले.

"म्हंजे या पटावर हरल्या त्या ह्याच का? बाई, तुमचा भाऊ ऑफिसातही तेच करतो. आम्हाला सगळ्यांना बकऱ्या करून ठेवलंय."

हॉल हसला. संघपालही हसला, लाजून, आणि सांगू लागला. बहुतेक आज तिसऱ्यांदा सांगत असावा. "साहेब, आमचं काहीच नव्हतं. ही थैली अन् हे चिंचोके. मायनं शिकवलं, की तीन वाघ अडकले तरी चौथ्यावर भरोसा ठेवायचा. त्या दिवशी मी हरलेलोच होतो बिलकुल—"

"काढ ते खाली," भावना म्हणाली.

"काय?"

"खाली काढ."

"आक्का, कालच ठोकलंय गं. जेवून घे आधी."

तिनं खुर्ची ओढली. कुणीतरी म्हणालं, अहो बाई, पडाल. ती चढली, दोन्ही हातांनी चौकट उचलली, खिळा भिंतीतून थोडा चुना घेऊन आला. चौकट जड होती. बटव्याला वजनच नव्हतं. काचेवर तिला स्वतःचं तोंड दिसलं, आणि तोंडातून आरपार वाघ. टीपॉयवरच्या खिरीच्या वाट्या तिनं हातानं एका बाजूला केल्या, चौकट पालथी घातली, पिशवीतली कात्री काढली आणि मागचा कागद टराटरा फाडला. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पळी. पुठ्ठा निघाला. पट हाताला लागला, आणि तिचा हात थांबला. कडा सरळ होत्या. फ्रेमच्या मापात बसावा म्हणून चारी बाजूंनी नेफा कापून टाकला होता.

"नाडी कुठं हाय?"

"ती लोंबत होती, आक्का. मुझफ्फरभाई म्हनला, काढावी लागंल."

लोंबत होती! ती हसली, आणि ते हसू ऐकून धर्मराज साहेबांनी सोफ्यावर पाय आखडून घेतले. पट तिनं टीपॉयवर पसरला. चिंचोके शोभेपुरते, कसेही चिकटवलेले. सगळ्या बकऱ्या रस्ता चुकल्यासारख्या. गोंद अजून पुरता वाळला नव्हता. तिनं नखानं एकेक उचकटला. अंगठ्याचं नख बुडाशी, गोल, झटका. एकही चिंचोका फुटला नाही. मग बटनं. मग तिनं डाव मांडला. तिला विचार करावा लागला नाही. चोवीस वर्षांत तिनं तो किती वेळा मांडला होता, भाजी चिरताना, भारत घोरत असताना, बाळंतपणाच्या कळा सोसताना. इथं वाघ, इथं वाघ, इथं. सोळा बकऱ्या. चौथा वाघ त्या कोपऱ्यात, जिथं तिरपी वाट नाही. सतरावी बकरी तिनं चिमटीत तशीच ठेवली.

"बस," ती म्हणाली.

संघपाल बसला. एवढा मोठा माणूस, टीपॉयसमोर उकिडवा.

"हा त्या दिवशीचा डाव. मी भाताला उठले तवा ही बकरी कुठं होती?"

"आक्का, लोकं हायत."

"असू दे. लोकांनाच तर सांगून राह्यला ना तू? त्यांना सांग. हितं होती, का हितं?"

तो पटाकडे पाहत राहिला. ती त्याच्या कानांकडे पाहत होती. कान लाल झाले नाहीत. त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच काही नव्हतं, एका मोठ्या, थकलेल्या, गोंधळलेल्या माणसाचे डोळे. "मला आठवत न्हाई, आक्का. शपथ. मी उडी मारली एवढंच आठवतं. मला वाटलं, तूच चुकली."

तूच चुकली. चोर असता तरी चाललं असतं. चोराला चोरी आठवते. ज्या एका घरावर तिनं आपलं सगळं आयुष्य उभं केलं, ते घर याला आठवतसुद्धा नव्हतं. "तूच सरकवली!" ती ओरडली. असा आवाज तिनं स्वतःचा कधी ऐकला नव्हता. "मी भात पाहायला गेले, अन् तू सरकवली! खाली मान घालून बसलता तू! माझं कॉलेज खाल्लं, माझा बटवा खाल्ला, अन् वर काच लावली! बोल ना! एकदा बोल!"

"त्याला काय इचारती?"

माय उभी राहिली होती. खिरीची वाटी तिनं खुर्चीवर ठेवली. भिंतीचा आधार घेत ती टीपॉयपाशी आली, भावजय धरायला धावली तर तिला हातानंच थांबवलं. वाकली, श्वास गोळा केला, आणि भावनाच्या चिमटीतला चिंचोका काढून घेतला.

"हितं होती," तिनं तो एका घरात ठेवला. मग बोटानं मागच्या घरात सरकवला. "अन् म्या हितं केली."

वर कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"त्याला ठावं न्हाई," माय म्हणाली. "तू चुलीपाशी गेली, अन् ह्यो दारात गेल्ता. शेजारच्या पुंजारामनं हाक दिल्ती. परत येऊन बसला तवा बकरी सरकल्याली होती. ह्याला उडी दिसली, ह्यानं मारली."

"माय..." संघपाल म्हणाला.

"तू गप."

भावनाला वाटलं होतं, की सत्य कळलं की राग बसायला जागा मिळेल. तो उठून हॉलभर फिरू लागला. "का?" तिनं विचारलं, आणि उत्तर तीच देऊ लागली, कडवटपणे, भराभर. "माझे हात पायजे होते तुला. कळ्या मरत नव्हत्या माझ्या हातून. म्हनून. हो ना? एकटीनं रान झेपलं नसतं. सांग ना, तेच ना?"

माय पटाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती.

"तेच सांगत आले सोताला. इतकी वर्सं. पर ते बी खोटं हाय, भावने. रोजानं बाया मिळत होत्या. पुष्पा तर येतो म्हनून मागं लागल्ती." तिचा श्वास संपला. ती थांबली, आणि सगळे थांबले. या वेळी काय सांगायचं होतं ते ती विसरली नाही. "तू हुशार. तू गेली असती, तर फिरून जाफराबादला आली नसती. मला ते दिसत होतं. अन् पोराच्या बिगर मी राह्यले असते, गं. तुझ्या बिगर न्हाई."